गोळी, घोषणा आणि पुरावा

गेल्या आठवड्यात मये येथे एका परिचित कुटुंबात समाचाराला जाण्याचा दुःखद प्रसंग आमच्यावर आला. घरातला कर्ता मुलगा, वयाची चाळिशीही न गाठलेला, सकाळी कामावर जाण्याच्या तयारीत असताना अवचित कोसळला आणि डिचोलीला नेईपर्यंत सारे संपले होते. ओसरीवर शेजारीपाजारी बसले होते. अशा वेळी बोलणे थोडे आणि उसासे फार, असा एकूण प्रकार असतो. पण त्या मुलाच्या आईने आमच्याकडे पाहून जो प्रश्न केला, तो आम्हांला पणजीच्या वाटेवर आणि त्यानंतरही छळत राहिला. "संपादकबाब, तुम्ही चार बुके वाचलेली माणसे. ती लस घ्यायला मीच त्याला लावले. त्यानेच झाले काय हो हे?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोवर कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "लशीचे सोडा. सरकार ती गोळी देणार होते, ती सगळ्यांना दिली असती तर लस लागलीच नसती."

एका ओसरीवर, एका मिनिटाच्या अवधीत, कोरोनाच्या महामारीने मागे ठेवलेले दोन प्रश्न असे समोर उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या रोगाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग गेला नाही, तो आपल्यात मुरला. डिसेंबर २०२३ मध्ये 'जेएन. १' या त्याच्या नव्या उपप्रकाराची देशात जी पहिली एकवीस प्रकरणे नोंदली गेली, त्यांतील एकोणीस एकट्या गोव्यातील होती, आणि तरीही आमच्या बाजारहाटात, जत्रांत, नाटकांत तसूभर खंड पडला नाही. हे एका अर्थी बरेच झाले. परंतु रोगाची भीती ओसरली म्हणून त्या काळात काय खरे ठरले आणि काय खोटे, याचा हिशेबही कोणी मांडायचा नाही, हे मात्र आम्हांला मान्य नाही. तो न मांडल्यामुळेच एक आई विनाकारण स्वतःला दोषी धरते आणि एक समंजस वृद्ध न मिळालेल्या गोळीबद्दल हळहळतो.

आम्ही वैद्यकाचे विद्यार्थी नव्हे. आमचे शिक्षण साहित्याचे. परंतु गेल्या काही वर्षांत या विषयावर जे संशोधन प्रसिद्ध झाले आहे, ते सामान्य वाचकाला न समजण्याइतके दुर्बोध मुळीच नाही. ते त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचविण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही, एवढेच.

प्रथम गोळीची कथा सांगितली पाहिजे, कारण ती खास आपल्या गोव्याची आहे.

२०२१ चा मे महिना आठवावा. त्याआधी वर्षभर गोव्याने या रोगाचे बरेच चढउतार पाहिले होते. २५ मार्च २०२० रोजी पहिले तीन रुग्ण सापडले. १९ एप्रिलपर्यंत सातही रुग्ण बरे होऊन गोवा 'कोरोनामुक्त' म्हणून मिरवू लागला. जूनच्या आरंभी वास्कोच्या मांगोर हिलने तो भ्रम उतरविला आणि २२ जून रोजी सत्तरीतील मोर्ले येथील एका वृद्धाच्या रूपाने राज्यातील पहिला बळी नोंदला गेला. पण हे सारे पुढच्या वर्षाच्या मानाने काहीच नव्हते. मे २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यात चाचणी केलेल्या दर दोघांपैकी एकाला रोग निघत होता. आरोग्य खात्याच्या दैनंदिन पत्रकात डिचोली, साखळी, पेडणे, वाळपई, कासारवर्णे या नावांबरोबर मये हे नावही येई, आणि संध्याकाळी लोक पंचांग पाहावे तसे ते पत्रक पाहत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात खाटा संपल्या होत्या. रुग्ण ट्रॉलीवर, जमिनीवर, खुर्चीवर होते.

अशा वेळी १० मे रोजी आरोग्यमंत्री श्री. विश्वजित राणे यांनी जाहीर केले की, राज्यातील अठरा वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, मग त्याला रोगाची लक्षणे असोत वा नसोत, 'आयव्हरमेक्टिन' या औषधाची बारा मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस देण्यात येईल. या गोळीने संसर्ग टळणार नाही, पण रोगाची तीव्रता कमी होईल, असेही त्यांनी सांगितले. ब्रिटन, इटली, स्पेन, जपान येथील तज्ज्ञांचा हवाला देण्यात आला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी जाहीरपणे आठवण करून दिली की, संघटनेने हे औषध चाचण्यांव्यतिरिक्त वापरू नये असा सल्ला ३१ मार्च रोजीच दिलेला आहे. औषध बनविणाऱ्या मर्क कंपनीनेही, जिला गोळ्या खपल्या तर फायदाच होता, ४ फेब्रुवारी रोजी कोरोनावर या औषधाचा उपयोग होतो असा अर्थपूर्ण पुरावा नसल्याचे सांगून टाकले होते. विकणारा 'घेऊ नका' म्हणतो आणि घेणारा 'द्याच' म्हणतो, असा व्यवहार आम्ही तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

या घोषणेला चोवीस तासही झाले नाहीत तोच, ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळात गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २६ रुग्ण दगावल्याची बातमी आली. ती सांगितली आरोग्यमंत्र्यांनीच, आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणीही त्यांनीच केली. पुढच्या तीन रात्रीही तशाच गेल्या. प्राणवायूचा साठा, तो वाहून आणणाऱ्या ट्रॉल्या, सिलिंडर बदलताना पडणारा दाब, यांवर न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे तातडीच्या सुनावण्या झाल्या. मुख्यमंत्री साखळीचे, आरोग्यमंत्री वाळपईचे. दोघांचीही गावे मयेपासून हाकेच्या अंतरावर, आणि दोघांनी सांगितलेल्या गोष्टींचा मात्र एकमेकींशी मेळ बसत नव्हता. त्या राजकारणात आम्हांला आज शिरावयाचे नाही. आमचा रोख वेगळा आहे. त्या आठवड्यात लोकांना जी गोष्ट हवी होती, जिचा उपयोग निर्विवाद होता, ती प्राणवायू ही होती. आणि जिची घोषणा झाली ती गोष्ट गोळी ही होती. नळीतून येणारा प्राणवायू मोजावा लागतो, राखावा लागतो, रात्री तीन वाजता जागे राहून त्याचा दाब पाहावा लागतो. घोषणेला यांतले काहीच लागत नाही.

आता या औषधाविषयी दोन शब्द, कारण त्याच्यावर अन्याय होता कामा नये. आयव्हरमेक्टिन हे भोंदू औषध नव्हे. जपानचे सातोशी ओमुरा यांनी गोल्फच्या मैदानाजवळची माती तपासताना त्यात एक सूक्ष्म जीव शोधला. मर्क कंपनीतील विल्यम कॅम्बेल यांनी त्यापासून कृमिनाशक घडविले. आफ्रिकेत नदीकाठच्या लक्षावधी माणसांची दृष्टी त्याने वाचविली आणि २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हत्तीरोगाच्या निर्मूलनातही त्याचे स्थान आहे. पण जे कृमींवर चालते ते विषाणूवर चालेलच, असे कोठे आहे? एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर या औषधाने विषाणूची वाढ अठ्ठेचाळीस तासांत हजारो पटींनी घटविली, आणि तेथून सारा गलबला सुरू झाला. बशीत वापरलेली मात्रा मात्र माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसाने जी पातळी गाठता येते तिच्या कितीतरी पट अधिक होती. त्यापुढे इजिप्तमधून एक अभ्यास आला; मृत्यू नव्वद टक्क्यांनी घटल्याचा त्याचा दावा होता. अनेकांनी आपल्या बेरजा त्याच्या आधारे केल्या. मग लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यातील आकडे उलगडून पाहिले, तर ते आपापसांतच जुळेनात. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास प्रकाशनस्थळावरून काढून घेण्यात आला. त्या विद्यार्थ्याने जे केले, ते आपल्यापैकी कोणत्याही किराणा दुकानदाराला जमले असते: त्याने वही तपासली.

निर्णायक उत्तर ब्राझीलमधून आले. तेथील 'टुगेदर' नामक चाचणीत १,३५८ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन सारखे गट पाडले. एका गटास तीन दिवस आयव्हरमेक्टिन, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. ६७९ पैकी १०० जणांची प्रकृती औषध घेऊनही बिघडली; औषध न घेतलेल्या ६७९ पैकी १११ जणांची बिघडली. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मार्च २०२२ च्या अखेरीस हे प्रसिद्ध झाले आणि पुढील चाचण्यांनीही त्यालाच दुजोरा दिला. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तर त्यापूर्वीच, सप्टेंबर २०२१ मध्ये, राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून हे औषध वगळले होते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, एप्रिल २०२१ च्या त्याच मार्गदर्शिकेत सौम्य रुग्णांना ते देता येईल असे म्हटले होते. तेव्हा गोव्याचा दोष औषध शोधून काढण्याचा नव्हे. रुग्णाला 'देता येईल' इथपासून निरोग्याला 'द्यायचेच' इथपर्यंत जी उडी मारली गेली, तिला आधार नव्हता.

मयेच्या वृद्ध गृहस्थांना याचे आश्चर्य वाटेल. त्यांच्या शेजाऱ्याने कोठून तरी गोळ्या मिळविल्या, घेतल्या आणि तो बरा झाला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण हा रोग झालेली बहुसंख्य माणसे काहीही न घेता बरी होत होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळ्याच्या वजनाचा अंदाज बांधू नये. चाचणीत चिठ्ठी टाकतात ती एवढ्याचसाठी. आपल्या देवळांत कौल मागतात, तेव्हा मागणाऱ्याच्या मनात बहुधा एक उत्तर आधीपासून बसलेले असते आणि पाकळी कोणत्या बाजूची पडावी याचीही त्याला इच्छा असते. चिठ्ठीला इच्छा नसते. ती श्रीमंत-गरीब, तरुण-म्हातारा, धडधाकट-दुखणाईत यांना दोन्ही पारड्यांत सारखे विखरून टाकते, म्हणून मग पारडे झुकले तर ते औषधामुळेच झुकले असे म्हणता येते.

अशाच चिठ्ठीने या महामारीत एका जुन्या, स्वस्त, कोणीही न वाखाणलेल्या औषधाला न्याय दिला. डेक्सामेथासोन हे १९५० च्या दशकातले औषध. आपल्याकडे गल्लीतल्या औषधालयातही मिळते आणि त्याची किंमत चहाच्या पेल्याइतकी. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत ते सुमारे दोन हजार रुग्णांना देऊन, न दिलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांशी तुलना केली. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष आला: कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू एक-तृतीयांशाने घटले, नुसत्या प्राणवायूवरील रुग्णांतील एक-पंचमांशाने, आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र काडीचाही लाभ झाला नाही, झाला तर अपायच. एका औषधाचे हे दोन चेहरे नुसत्या अनुभवी नजरेला कधीच दिसले नसते. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत हेच औषध घरी बसल्या पहिल्या दिवसापासून घेणारे महाभाग होते. साखर वाढलेल्या शरीरात त्यातून काळ्या बुरशीला कशी वाट मिळाली, ते आठवून अजूनही अंगावर काटा येतो.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि प्लाझ्मा यांची कथा थोडक्यात उरकतो. पहिल्याची हवा २०२० च्या जूनमध्येच त्याच ब्रिटिश चाचणीने काढून घेतली. दुसऱ्याची चाचणी आपल्याच देशाने घेतली, हे अभिमानाने सांगण्याजोगे आहे: ३९ रुग्णालये, ४६४ रुग्ण, आणि प्लाझ्मा देऊन मृत्यू टळत नाहीत हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध. पण राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा निघण्यास १७ मे २०२१ उजाडला. दरम्यानच्या सात महिन्यांत प्लाझ्मादात्याच्या शोधात किती नातेवाईक रात्रंदिवस वणवण फिरले, ते ज्यांच्या घरी रुग्ण होता त्यांना विचारावे. पुरावा हाती असूनही न वापरणे हा पुरावा नसण्याहून वाईट अपराध आहे, असे आमचे मत आहे.

येथे कोणी म्हणेल, "घर जळत असताना चाचण्या कसल्या घेता?" आक्षेप खरा वाटतो, पण टिकत नाही, आणि त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान करणारा डॉक्टर आमच्या बार्देशातील हडफडे गावचा होता: डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश. त्यानंतर थोड्याच महिन्यांत मुंबईतच वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा या गावी त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. गावात प्लेग चालू होता, लस सर्वांना टोचण्याचा मोह पडावा अशीच ती वेळ. पण त्यांनी प्रत्येक घरातली निम्मी माणसे टोचली, निम्मी तशीच ठेवली. टोचलेल्या ७१ जणांत तिघे दगावले, न टोचलेल्या ६४ जणांत सव्वीस. आज हे वाचताना त्या सव्वीस जणांसाठी जीव तुटतो, आणि आजच्या नीतिनियमांत अशा चाचणीला अनुमती मिळेल असेही नाही. तरीही त्या एका गावाने पुढच्या लक्षावधी माणसांना लस घेण्याचे धैर्य दिले. १९०२ मध्ये पंजाबात मुळकोवाल येथे लशीची एक बाटली दूषित निघून एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली, हाफकिन यांच्यावर आळ आला, आणि तो पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. त्यांची लस तरली ती या जुन्या आकड्यांच्या बळावर.

उंढेऱ्याहून कितीतरी निरुपद्रवी अशी चाचणी मे २०२१ मध्ये गोव्याला सहज घेता आली असती. गोळी निरोग्यांना द्यावयाचीच होती ना? मग आरोग्य केंद्रांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्या केंद्रांत पहिल्या पंधरवड्यात दिली असती, उरलेल्यांत दुसऱ्या पंधरवड्यात. पहिल्या चिठ्ठीत मये निघाले असते, दुसरीत कासारवर्णे. कोणावरही अन्याय नाही, कोणी वंचित नाही. फक्त पंधरा दिवसांचे अंतर. आणि नोंद ठेवली असती, तर ज्या प्रश्नाचे उत्तर जगाला ब्राझीलकडून दहा महिन्यांनी मिळाले, ते महिन्याभरात पंधरा लाख वस्तीच्या या चिमुकल्या राज्याने दिले असते. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या भूमीला ते शोभलेही असते.

शोभण्याचा प्रश्न निघालाच आहे, तर साहित्याच्या विद्यार्थ्याला एक आडवळण माफ असावे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींविषयीचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. पटकीच्या रोगाचे त्यातील वर्णन युरोपीय वैद्यकात आद्य मानले जाते. त्या रोगाला त्याने आपल्या लोकांकडून ऐकलेलेच नाव दिले: आपली 'मोडशी'. पोर्तुगिजांनी तिचे 'मोर्देशी' केले आणि फ्रेंचांनी आपल्या भाषेत घेताना चक्क 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ निघेल असा शब्द बनविला! पण आमच्या मनात ओर्ता राहतो तो वेगळ्या कारणाने. ग्रीक आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा मी येथे डोळ्यांनी काय पाहिले हे मोठे, असे म्हणण्याची त्याची हिंमत होती. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, धर्मसमीक्षण सभेने त्याची हाडे उकरून जाळली. सत्तेला स्वतंत्र नजर कधीच मानवत नाही, हे सालाझारच्या सेन्सॉरखाली वर्तमानपत्रे काढणाऱ्या गोव्याला वेगळे सांगावयास नको.

मयेकरांना तर घोषणा आणि पुरावा यांतील अंतर आम्ही शिकवावे असे नाहीच. मुक्तीनंतर येथला जमीनदार पोर्तुगालला निघून गेला, गावची जमीन 'स्थलांतरित मालमत्ता' ठरून सरकारी ताब्यात गेली, आणि ज्या मातीत बापजाद्यांनी कुळागरे उभी केली, तिच्यावरच्या स्वतःच्या घराचीही मालकी पिढ्यान्‌पिढ्या मयेकरांना नव्हती. या काळात किती निवडणुका आल्या आणि किती आश्वासने झाली! २०१४ चा कायदा झाला, त्यानंतर सनदांचे वाटप सुरू झाले. व्यासपीठावरून "जमीन तुमचीच" असे ऐकणे वेगळे आणि शिक्का मारलेली सनद हाती येणे वेगळे, हे ज्या गावाला अर्ध्या शतकाहून अधिक काळच्या अनुभवाने ठाऊक झाले आहे, त्या गावाने औषधाच्या घोषणेलाही "सनद दाखवा" एवढेच म्हणावयाचे होते.

आता त्या माउलीचा प्रश्न. त्याला उत्तर देणे अधिक कठीण आहे, कारण तो आकड्यांचा नसून एका मुलाचा आहे.

निरोगी दिसणारी तरुण माणसे अचानक का मरतात, याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांतून केला आणि तो २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. अठरा ते पंचेचाळीस वयोगटातील, अचानक मरण पावलेल्या ७२९ व्यक्तींची माहिती घेऊन त्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच परिसरातील २,९१६ जिवंत व्यक्तींशी करण्यात आली. लस हे मृत्यूचे कारण असते, तर मेलेल्यांत लस घेतलेले अधिक निघावयास हवे होते. निघाले उलटेच: दोन मात्रा घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता कमी होती. शक्यता वाढविणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या या: कोरोनासाठी पूर्वी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, घराण्यात असा आकस्मिक मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत भरमसाट मद्यपान किंवा अतिश्रम, धूम्रपान. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकातील हासनच्या मृत्यूंवरून पुन्हा कोलाहल झाला, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने याच निष्कर्षाचा पुनरुच्चार केला.

याचा अर्थ लशीने कोणालाही कधी अपाय केला नाही असा नव्हे. तसे सांगणे म्हणजे पुन्हा घोषणाच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशिल्ड' या नावाने बनविलेली लस ज्या ऑक्सफर्डच्या मूळ लशीवर आधारलेली होती, तिच्यामुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे २०२१ च्या वसंतातच युरोपात दिसून आले होते. हा अपाय होई तो मुख्यतः लस घेतल्यापासून काही आठवड्यांच्या आत. सरकारने तेव्हाच ही गोष्ट मराठीत आणि कोकणीत, आरोग्य केंद्राच्या दारावर, साध्या शब्दांत सांगितली असती, तर लोक बिथरले असते काय? आम्हांला तसे वाटत नाही. गोव्याने सप्टेंबर २०२१ मध्ये जवळपास सर्व प्रौढांना पहिली मात्रा देऊन दाखविली, ती लोक भित्रे होते म्हणून नव्हे. जे अर्धे लपविले गेले, तेच आज चौपट होऊन ओसरीओसरीवर बोलले जात आहे.

त्या मुलाने लस घेतली होती २०२१ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी मे महिन्यात त्याला नऊ दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले होते, हे त्याच्या वडिलांनी बोलता बोलता सांगितले. आम्ही आईला एवढेच म्हणालो की, बाय, एका माणसाबद्दल खात्रीने बोलण्याचा अधिकार कोणत्याच अभ्यासाला नसतो. पण तुम्ही त्याला लस घ्यायला लावलेत ते त्याचे रक्षण करण्यासाठी, आणि हजारो घरांचा पडताळा सांगतो की तसे करणाऱ्या आया चुकल्या नाहीत. त्यांना ते पटले की नाही, आम्ही सांगू शकत नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आम्हांला चहा घेण्याचा आग्रह केला.

परतताना वाटेत मये आरोग्य केंद्राच्या दाराशी थोडे थांबलो. आमच्या मनात घोळत होती ती शेजारची सत्तरी. २०१५ पासून त्या तालुक्यात माकडतापाने माणसे दगावली आहेत. पलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि बांदा परिसरातही तो पोहोचला. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर अरण्यात सापडलेला हा विषाणू गोचिडीवाटे पसरतो आणि काजूची बोंडे गोळा करायला रानात जाणाऱ्या कष्टकऱ्यांना गाठतो. जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याचे आढळल्याने तिचा वापर थांबला; नवी तयार करण्याचे काम आयुर्विज्ञान परिषदेने हाती घेतले आहे. ती येईल तेव्हा चाचणीसाठी याच रानांतल्या माणसांकडे यावे लागेल, आणि ती माणसे २०२१ च्या आठवणी घेऊन समोर बसलेली असतील.

म्हणून आरोग्य खात्याला आमची एक साधी मागणी आहे. या नव्या लशीची चाचणी कोठे चालली आहे, तिच्यात आजवर काय आढळले, कोणाला ती घेता येणार नाही, अपाय झाल्यास कोणाला कळवावयाचे आणि त्याची नोंद कोण ठेवणार, हे मये, साखळी, वाळपई आणि कासारवर्णे येथील केंद्रांच्या फलकांवर मराठीत व कोकणीत लिहिले जावे, आणि माहिती बदलली की मजकूरही बदलावा. जुना मजकूर पुसून न टाकता, तारखेसह खाली राहू द्यावा. काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. पहिला फलक त्याआधी लागला पाहिजे.